एआयच्या उत्तरात आपल्या मालाचं नाव यावं म्हणून मजकूर कसा लिहावा? एजन्सीला पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुमचा महिला गट भिवापुरी मिरचीची पूड विकतो, एआयला विचारलं तर तुमचं नाव कुठंच येत नाही, आणि एक एजन्सी "एआयमध्ये आणून देतो" म्हणून 35 हजार मागते आहे. द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. आमचे 42 हजार गेले आहेत.

मी समुद्रपूर तालुक्यातली, वायगाव हळदीच्या पट्ट्यातली. 2016 मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमची घरची दीड एकर आणि आणखी अकरा घरांची हळद आमच्याच अंगणात शिजते, वाळते, दळली जाते. माझे धाकटे दीर नागपूरला नोकरीला. वेबसाइटचं त्यांनीच मनावर घेतलं आणि अर्धे पैसे स्वतःच्या पगारातून भरले, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही.

एजन्सीनं मालाची माहिती मागितली. मी मुलीच्या शंभर पानी वहीत सहा पानं लिहून काढली. बेणं कोणतं, लावण कधी, कशी शिजवतो, किती दिवस वाळवतो, शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस किलोच का होते. तीन रात्री जागून लिहिलं होतं. भाऊजींनी वही चाळली आणि म्हणाले, "वहिनी, हे घरगुती बोलणं झालं. नेटवर असं नाई चालत, तिथं कंटेंट लागते." वही टीव्हीखालच्या खणात गेली. एजन्सीनं लिहिलं "निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या स्वयंपाकघरात, शुद्धतेचा सुवर्णस्पर्श", आणि त्याखाली "वायगाव हळद भाव, वायगाव हळद ऑनलाइन, सर्वोत्तम वायगाव हळद" असं पंधरा-वीस वेळा. मला ते वाचून आमच्या हळदीचं काहीच कळलं नाही. पण मी बारावी शिकलेली, माझं कोण ऐकणार, म्हणून गप्प राहिले.

पुढच्या हंगामात भट्टी पेटलेली असताना मुलीनं मोबाइलवर विचारलं, वायगावची हळद कशी शिजवतात? उत्तर आलं की ही हळद उकळतच नाहीत, थेट उन्हात वाळवतात. खाली दुवा होता दुसऱ्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याच्या पानाचा. आमच्या समोर काहील उकळत होती! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोनं सांगतलं याले असं? आपन त सांगतलंच नाई."

ते वाक्य मला फार लागलं. खरंच, आपण सांगितलंच नव्हतं. जे सांगायचं होतं ते टीव्हीखाली पडलेलं होतं.

त्या रात्री वही काढली आणि मोबाइलवर टाइप करायला घेतली. सासूबाईंना विचारत विचारत लिहिलं. हळकुंडं आणि गड्डे वेगळे शिजवायचे, कारण गड्ड्याला वेळ जास्त लागतो. काहिलीत पाणी हळकुंडांच्या वर चार बोटं. वर गोणपाट. फेस आला, वाफेला हळदीचा वास सुटला की खराट्याची काडी घ्यायची आणि हळकुंडात खुपसायची. मी लग्न होऊन आले तेव्हा पाऊण तास झाला का म्हणून सारखी घड्याळाकडे बघायची. सासूबाई म्हणायच्या, "घड्याळ नोको पाहू, काडी घाल. आरपार गेली का उतरव." कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ राहतं, जास्त शिजली तर रंग बिघडतो. मग दहा-पंधरा दिवस ऊन. मोडलं की खट्ट आवाज आला पाहिजे. हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. खाली सासूबाईंचं नाव, गावाचं नाव, तारीख, आणि कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, त्याच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल, फोटो म्हणून नाही तर आकडे टाइप करून.

तरी महिनाभर काही नाही. शेजारचा मुलगा वर्ध्याला कॉलेजात शिकतो, त्यानं साइट उघडून पाहिली. एजन्सीनं मुख्य पानावरची बरीचशी माहिती चित्रातच टाकलेली, फ्लेक्स बॅनरसारखी. आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची जी फाइल असते, म्हणजे नेटवरची पानं वाचत फिरणाऱ्या बॉट नावाच्या प्रोग्रामांपैकी कोणी साइट वाचायची ते सांगणारी, तिच्यात सगळ्या एआय बॉटना बंदी! त्यानं समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचा जीपीटीबॉट मॉडेलच्या शिकवणीसाठी माहिती गोळा करतो, पण चॅटजीपीटीच्या शोधात पान दिसायला ओएआय-सर्चबॉट लागतो. हे दोन वेगळे आहेत. पर्प्लेक्सिटी नावाची एआय शोधसेवा आहे, तिचा पर्प्लेक्सिटीबॉट. गूगलच्या एआय उत्तरांना नेहमीचा गूगलबॉटच पुरतो. दार बंद ठेवून पाहुण्याची वाट पाहत बसलो होतो आम्ही. शिवाय जावास्क्रिप्टनं, म्हणजे पान उघडल्यावर चालणाऱ्या कोडनं, मागून उमटणारा मजकूर बरेच एआय बॉट वाचत नाहीत, म्हणून त्यानं बंदी काढली आणि साधं पान बनवून दिलं. त्याला मी 3 हजार दिले आणि पाच किलो हळद.

त्यानंतर सहाएक आठवड्यांनी मुलीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तरात होतं की हळकुंडातून काडी आरपार गेली की हळद शिजली असं समजतात. दुवा आमचा. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "काडीचं सांगतलं का त्यानं?" आणि पदर खोचून परत भट्टीकडे गेल्या. मला मात्र रडू आलं.

भाऊजी म्हणाले, नशीब. नशीब नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी यावर एक शोधनिबंध मांडला, या विद्येला 'जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन' हे नावही त्यातलंच. दहा हजार प्रश्नांवर त्यांनी मजकूर बदलण्याच्या नऊ तऱ्हा तपासल्या. आकडे, कोणाचे तरी शब्द अवतरणात आणि माहितीचा आधार दिला की उत्तरात दिसणं 40 टक्क्यांपर्यंत वाढलं. तेच तेच शब्द कोंबण्याचा काही फायदा झाला नाही. आणि आधार देण्याचा सर्वात जास्त फायदा शोधात पाचव्या क्रमांकावर असलेल्या पानांना झाला, पहिल्याला नाही. म्हणजे आपल्यासारख्यांना. शेजारच्या त्या मुलानं मला ते वाचून समजावलं, आणि मी त्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलं, भाऊजींना दाखवायला.

आता तुमची मिरची. देठ काढून दळता की देठासकट? कोणत्या तोड्याची? किती दिवस ऊन? भिवापुरी ओळखायची कशी, पूड किती महिने रंग धरते, भेसळीचा रंग घरी कसा तपासायचा? गिऱ्हाईक हेच विचारतं, तेच मथळा करा आणि खालच्या पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर द्या. गोष्ट नंतर सांगा. "अस्सल", "पारंपरिक", "दर्जेदार" काढून टाका. ते शब्द कोणीही लिहू शकतं, म्हणून ते सांगताना एआयला तुमचा दुवा द्यायची गरजच पडत नाही. मराठीत नक्की लिहा, कारण मराठीत असं लिहिलेलं फार थोडं आहे. एजन्सी "एआयची खास फाइल" विकायला आली तर ती एलएलएम्स डॉट टीएक्सटी असेल. तो 2024 मधला एक प्रस्ताव आहे आणि गूगलला ती लागत नाही, असं गूगलनंच सांगितलंय.

काही गोष्टी मात्र खऱ्या सांगायला हव्यात. तो अभ्यास इंग्रजी प्रश्नांवरचा होता. एकच प्रश्न दोनदा विचारला तर दुवे बदलतात, आज आहोत, उद्या नसू. आमच्या ऑर्डरी अजूनही जास्त करून व्हॉट्सअॅपवरूनच येतात. एआयमधून आल्याचं सांगणारी माणसं महिन्याला चार-पाच. पण ती पुण्या-बंगळुरूची असतात आणि भाव करत नाहीत. रोग बरा होतो असं काही लिहू नका, ते खोटंही आहे आणि अन्नसुरक्षा कायद्यात अडकाल. आणि इंग्रजी पानही असावं हे भाऊजींचं म्हणणं बरोबर होतं, ते मी मान्य केलं.

एजन्सीचं ते सुवर्णस्पर्शाचं पान मी काढलेलं नाही. तेही आता बॉटना खुलं आहे, त्याच साइटवर, वहीच्या पानाच्या शेजारी. दर सोमवारी मी तेच बारा प्रश्न विचारते आणि कोणाचा दुवा आला ते तारीख टाकून वहीत लिहिते. वहीचं पान आजवर एकोणीस वेळा आलं. ते दुसरं एकदाही नाही. दिवाळीला भाऊजी आले तेव्हा वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "वहिनी, मिरचीवाल्या बायांनाई सांग मंग हे."

म्हणून सांगते. यंदाचा तोडा सुरू झाला की देठ काढणाऱ्या बायांजवळ वही घेऊन बसा आणि त्या बोलतील तसं तिथंच लिहा, नंतर घरी येऊन आठवत नाही.