१०८० टीआय विकण्याआधी तुमच्या फाइलची मेमरी मोजा

मोल्डच्या कामासाठी जुनं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०८० टीआय विकून आरटीएक्स ए२००० घ्यावं का, ही तुमची पोस्ट वाचली आणि २०२२ चा मार्च आठवला. हाताशी १०८० टीआय, दिवसा सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर), रात्री ब्लेंडरचा रेंडर (थ्रीडी दृश्यावरून चित्र तयार करणं), आणि दुकानदार म्हणतोय की ए२००० हे वर्कस्टेशन कार्ड घ्या, ६ जीबी मेमरीचं लगेच मिळेल. माझी परिस्थिती अगदी हीच होती. मी कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी पॅटर्नची ड्रॉइंग आणि त्यांच्या कॅटलॉगची चित्रं करतो. कार्ड बसवणं, जुना ड्रायव्हर काढणं हे तुम्हाला येत असणारच, त्यात जात नाही.

तुम्ही दोन्हींचे कोर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग) मोजलेत. जुन्यात ३५८४, नव्यात ३३२८, म्हणजे २०२१ चं कार्ड २०१७ च्या कार्डापेक्षा कमी कसं, असं विचारलंत. हे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पास्कल (१०८० टीआय) आणि अँपिअर (ए२०००) या दोन पिढ्यांमधल्या कोरची घडणच वेगळी आहे. शिवाय सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) प्रकाशाचा किरण नेमका कुठल्या पृष्ठभागावर आदळला हे शोधण्यात बराच वेळ जातो, आणि त्या कामासाठी ए२००० मध्ये वेगळे आरटी कोर आहेत. १०८० टीआयमध्ये ते नाहीतच. त्यामुळे ऑप्टिक्स (आरटी कोर वापरणारी रेंडरची सेटिंग) लावून माझी साधी दृश्यं नव्या कार्डावर जवळपास निम्म्या वेळात व्हायला लागली, तीही २५० ऐवजी ७० वॉटमध्ये. सॉलिडवर्क्समध्ये रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवण्याची सोय) चालू झालं, मोठी असेंब्ली फिरवताना रेषा तुटेनाशा झाल्या. रीबिल्डचा (बदलानंतर मॉडेल पुन्हा रचण्याचा) वेळ मात्र कमी झाला नाही. तो प्रोसेसरवर असतो, त्यासाठी कार्ड बदलू नका.

इथपर्यंत दुकानदार खरंच बोलतोय. आता माझं कुठे चुकलं ते सांगतो.

त्या दिवसांत क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमुळे जुन्या कार्डांना चांगला भाव येत होता. १०८० टीआयला गिऱ्हाईक दाराशी आलं, आणि नवं कार्ड हातात पडायच्या आधी मी ते विकून टाकलं. दुकानात मी विचारलं होतं, जुन्यात ११ जीबी होती, यात ६ च आहे, पुरेल का? उत्तर आलं, "वर्कस्टेशनची मेमरी वेगळी असते साहेब, ईसीसी आहे, ६ म्हणजे ११ च्या बरोबरीची." मी विश्वास ठेवला. ईसीसी म्हणजे मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय. तिने जागा वाढत नाही, उलट ती चालू केली की वापरायला मिळणारी जागा थोडी कमीच होते. सहा म्हणजे सहाच.

पहिले पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग एका व्हॉल्व्हवाल्याचं कॅटलॉग आलं. एकाच दृश्यात चाळीसेक कास्टिंग, ४के टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायची मोठी चित्रं), आणि वाळूच्या साच्यातला खरबरीत पृष्ठभाग खरा दिसावा म्हणून डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर उंचसखल करणं). तशीच फाइल जुन्या कार्डावर चालत होती, म्हणून ती किती मेमरी घेते तो आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. नव्या कार्डावर रेंडर लावला की काही सेकंदांत मेमरी संपल्याचा संदेश येऊन बंद. मशीनची रॅम १६ जीबी, त्यामुळे कार्डात न मावणारा भाग तिकडे ढकलायलाही जागा नव्हती.

दुकानात फोन केला. सील फुटलंय, परत घेणार नाही. ठीक आहे, पण मग त्यांनी मला त्यांच्या टेक्निकल विभागाकडे दिलं, आणि तिथे माझे चार दिवस गेले. ड्रायव्हर बदला. बदलला. विंडोज नव्याने टाका. टाकलं. दुसऱ्या दिवशी फोनवर वेगळा माणूस, त्याने पुन्हा विंडोजच टाकायला लावलं. मी प्रत्येकाला सांगत होतो की संदेशात मेमरी संपली असं स्पष्ट लिहून येतंय. एकानेही फाइल किती जीबीची मेमरी घेते हे विचारलं नाही. तो एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. शेवटी प्रोसेसरवर रेंडर केला. जी फ्रेम चार मिनिटांत व्हायची तिला चाळीसच्या वर लागली. काम उशिरा गेलं आणि तो गिऱ्हाईक परत आला नाही. याचा राग मला आजही येतो.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमची सगळ्यात जड फाइल १०८० टीआयवर उघडा, रेंडर लावा, आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जाऊन डेडिकेटेड मेमरी कुठपर्यंत चढते ते बघा. रेंडरच्या खिडकीत वर पीकचा (सगळ्यात जास्त लागलेल्या मेमरीचा) आकडा असतो, तोही लिहून ठेवा. पाच जीबीच्या आत राहत असेल तर ६ जीबीवाल्याने तुमचं भागेल. वर जात असेल तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नका, ए२००० चं १२ जीबीवालं बघा. खिसा परवानगी देत असेल तर १६ जीबीचं ए४०००, पण त्याला १४० वॉट आणि वेगळी पॉवर केबल लागते. सॉलिडवर्क्स फारसं वापरत नसाल तर माझं स्पष्ट मत आहे की वर्कस्टेशन कार्डाच्या नादाला लागू नका, साधं आरटीएक्स ३०६० घ्या, १२ जीबीचंच. आतली चिप ए२००० च्याच घराण्यातली आहे.

दोन्ही कार्डं एकत्र लावून ११ आणि ६ मिळून १७ होतील असं कुणी सांगेल. होत नाहीत. दृश्य प्रत्येक कार्डात स्वतंत्र मावावं लागतं.

जुन्यावरच थांबावं का, तर फार काळ नाही. पास्कलसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा, आणि कूडा १३ (कार्डावर हिशोब चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) मधून ती पिढी २०२५ मध्ये वगळली गेली. बदल करायचाच आहे, फक्त घाईने नको. आणि नवं कार्ड महिनाभर खऱ्या कामावर चालवल्याशिवाय जुनं विकू नका, कपाटात राहू दे.

आणखी थोडं. ए२००० ला चारही मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाही, तेव्हा अडॅप्टर कार्डाबरोबरच मागवा. ब्रँडेड मशीनमधून काढलेली कार्डं बिनखोक्याची स्वस्तात मिळतात, पण पुष्कळदा त्यांना अर्ध्या उंचीची पट्टी असते आणि वॉरंटी मूळ मशीनच्या नावावर. बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्याच. तुम्ही लाईट जाण्याचं लिहिलंय म्हणून सांगतो, माझा छोटा यूपीएस जुन्या कार्डावर रेंडर चालू असताना लगेच मान टाकायचा, आता फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्याइतका वेळ मिळतो. रात्री आठ तास रेंडर धरला तर १८० वॉटच्या फरकाने महिन्याच्या पंचवीस रात्रींत ३६ युनिट वाचतात, दर तुमचा तुम्ही गुणा.

मी हार्डवेअरचा माणूस नाही, हे सगळं माझ्या दोन कार्डांवरचं आहे. गेमिंगचं मला विचारू नका. मोल्डच्या फाइलचा पीक आकडा इथे टाका, मग १२ की १६ ते बोलू.