आधी हात, मग पाय

तलवारबाजीच्या पिस्टवर, म्हणजे त्या लांब अरुंद पट्टीवर, इतकी वर्षं खेळलीस, मग कराटे केलंस, त्यामुळे तोल पक्का आहे. पण बालेवाडीत पहिल्या बॅचसमोर शिकवायला उभी राहशील तेव्हा कराटेतला कमरेचा झटका विसर. लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय टाकून झेपावत केलेल्या वारात, आधी हात लांबतो, मग पुढचा पाय सुटतो; मुलं नेमकं उलटं करतात. गुडघा आत वळला की तिथेच थांबव, खडूने सरळ रेघ मार, पुन्हा करून घे. घाई नको. फॉईल या हलक्या तलवारीच्या टोकाची स्प्रिंग ५०० ग्रॅमला दबते, एपी या जड तलवारीची ७५० ग्रॅमला. हा फरक त्यांच्या बोटांना कळू दे. आणि जिंकायची खुमखुमी आवर हं. लेसनमध्ये तुझं काम मुलांच्या तलवारीचा मार खायचं, नेमक्या क्षणी छाती उघडी टाकून. जाड कोचिंग जॅकेट मात्र पहिल्या दिवसापासून घाल.