अपग्रेडनंतर ‘लिबएसएसएल.एसओ.1.1 सापडत नाही’ येतंय

ऐरोलीच्या ऑफिसातला सर्व्हर उबंटू लिनक्सच्या 20.04 आवृत्तीवरून 22.04 वर नेला आणि जुना बिलिंग प्रोग्राम या एररवर अडला, असं तुम्ही लिहिलंय. ते होणारच होतं. लिबएसएसएल ही ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल. 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3.0 येतं, त्याची फाइल ‘लिबएसएसएल.एसओ.3’. शेवटचा आकडा शोभेचा नाही. जुन्या प्रोग्रामांशी जुळणी मोडली की तो बदलतात, आणि तुमच्या बायनरीत, म्हणजे प्रोग्रामच्या तयार फाइलीत, जुनंच नाव कोरलेलं आहे. प्रोग्रामला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी ‘एलडीडी’ ही कमांड चालवून ‘नॉट फाउंड’ दिसेल ते सगळं टिपून घ्या. बहुतेक ओपनएसएसएलचीच दुसरी लायब्ररी, लिबक्रिप्टो, हीही निघेल.

कुणीतरी सांगेलच, नव्या फाइलला जुन्या नावाचा सिमलिंक (फाइलीकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) द्या. देऊ नका! दारावरची पाटी बदलली म्हणून घरातला माणूस बदलत नाही. प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी जोडणारा लोडर लगेच ‘ओपनएसएसएल_1_1_0’ व्हर्जन मिळत नाही म्हणून पुन्हा अडेल.

सोर्स हाताशी असेल तर 3.0 वर परत कंपाइल करा. नसेल तर ज्यांनी प्रोग्राम दिला त्यांच्याकडे नव्या बिल्डसाठी तगादा लावा, तोवर 20.04 च्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, भागवा. जुनी लायब्ररी अख्ख्या सिस्टिमवर मात्र टाकू नका. जुन्या 1.1.1 आवृत्तीचे ओपनएसएसएलकडून येणारे मोफत सिक्युरिटी पॅच सप्टेंबर 2023 मध्येच थांबलेत, आणि हा बिलिंगचा, म्हणजे पैशाचा मामला आहे.