अक्षरं पुसली, डाग का उरले?

प्रश्न : देवबागला आमचं घरगुती राहण्या-जेवण्याचं आहे. गेल्या हंगामातल्या जाहिरातीच्या फोटोवर पिवळ्या, काळ्या किनारीच्या अक्षरांत जुने दर आहेत. मूळ फोटो फोनबरोबर गेला, उरली ती १६०० पिक्सेल रुंदीची जेपेग. अक्षरं आभाळ, समुद्र, कौलं आणि जांभ्याच्या भिंतीवरून गेली आहेत. मोबाइलमधल्या अ‍ॅपने पुसली तर आभाळात राखाडी डाग पडले आणि कौलं वितळल्यासारखी दिसतात. काय चुकतंय?

उत्तर : आधी जाहिरात मांडणाऱ्याला फोन करा. त्याच्याकडे कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपची फाइल असेल तर अक्षरं वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या सुट्या थरावर, असतील, काम मिनिटभराचं. जेपेगमध्ये लेयर उरत नाहीत. अक्षराखाली काय होतं ते फाइलमध्ये कुठेच नसतं, त्यामुळे आजूबाजूचं बघून ती जागा भरावी लागते.

राखाडी डाग पडतात ते निवड, म्हणजे पुसायला आखलेला भाग, तोकडी पडल्यामुळे. अक्षराची कड दोन-तीन पिक्सेलपर्यंत आभाळात मिसळलेली असते. शिवाय जेपेग चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं, म्हणून गडद कडेभोवती बारीक मळ पसरतो, आणि अ‍ॅप तोच नमुना म्हणून उचलतं. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. लेयरची प्रत काढून ‘सिलेक्ट बाय कलर’ने फक्त पिवळा रंग निवडा. काळ्यावर क्लिक केलंत तर माडांच्या सावल्याही निवडीत येतील. मग ‘ग्रो’ने निवड वाढवा : किनारीची जाडी अधिक ३ पिक्सेल. किनार ४ पिक्सेल असेल तर ७. अनुस्वार आणि वेलांटीची टोकं हमखास निसटतात, ती ४०० टक्के मोठं करून बघा.

सगळी अक्षरं एका झटक्यात भरू नका, नाहीतर आभाळात कौलाचा तुकडा येईल. आभाळ क्षितिजाकडे फिकट होत जातं, म्हणून नमुना त्याच उंचीवरून, डावी-उजवीकडून घ्या. इथे गिंपमधलं ‘हील’ हे साधन चांगलं चालतं, कारण ते आजूबाजूचा उजेड जुळवून घेतं. पण याच गुणामुळे गडद कडेजवळ ते काळपट ओढतं, तिथे नमुना जसाच्या तसा उमटवणारं ‘क्लोन’च वापरा. क्षितिज ‘क्लोन’ने सर्वांत आधी जोडा आणि ‘अलाइन्ड’ चालू ठेवा, म्हणजे नमुना आणि ब्रश यांतलं अंतर कायम राहतं. शिरोरेषा क्षितिजाला समांतर असते. तिचा पुसट माग राहिला तर समुद्रावर दुसरं क्षितिज दिसतं!

कौलांना घाई चालत नाही. नमुना त्याच ओळीतला घ्या आणि बरोबर एक किंवा दोन कौलं सरकवून लावा, म्हणजे कडा कडेवर बसेल. वरच्या ओळीतलं कौल दूर असल्याने लहान दिसतं, ते खाली चिकटवलं की फसवणूक उघडी पडते. जांभ्याची छिद्रं वेडीवाकडी असल्याने भिंत सोपी, फक्त चिऱ्यांमधल्या दरजा सरळ पुढे न्या आणि एकच ठळक छिद्र दोनदा येऊ देऊ नका.

भरलेलं आभाळ बाकीच्यापेक्षा गुळगुळीत दिसलं तर त्या भागावर थोडा ‘नॉइज’ (बारीक दाणे) टाका. काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे लेयर जपणाऱ्या गिंपच्या स्वतःच्या फाइलमध्ये, जपा आणि शेवटी एकदाच पीएनजी काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र ६ फुटी फ्लेक्सच्या वाटेला जाऊ नका : ७२ इंचांत १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम २२.

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांच्या फोटोवर अर्धपारदर्शक पांढरी पट्टी आहे, तिच्यावर काळी अक्षरं. पट्टीही अशीच भरून काढायची का?

उत्तर : नाही. पट्टीखालचं चित्र अजून आहे, फक्त फिकटलंय. पट्टी निम्मी पारदर्शक असेल तर प्रत्येक पिक्सेल मूळ रंग आणि पांढरा यांची सरासरी असतो. पट्टीचाच भाग निवडून ‘लेव्हल्स’मध्ये (गडद-फिकटपणा जुळवायची सोय), ० ते २५५ च्या मोजपट्टीवर, इनपुटचं काळं टोक १२८ वर आणा. पट्टीच्या आतलं आणि बाहेरचं लाकूड सारखं दिसेपर्यंत आकडा थोडा मागेपुढे करा. छटा निम्म्याच उरल्यामुळे तिथे दाणे जास्त दिसतील. अक्षरं त्यानंतर, वरच्याच रीतीने.