जमीन किती घट्ट झालीय हे मोजायला माती परीक्षणासारखाच नागमोडी फिरून, मिसळून घेतलेला नमुना चालेल का?

नाही, तो चालणार नाही; घट्टपणा मोजायला माती न मोडता, आहे तशी लोखंडी कडीत (दोन्ही तोंडं उघडी असलेल्या छोट्या नळकांड्यात) काढावी लागते. खतांसाठीच्या नमुन्यात आपण दहा-पंधरा ठिकाणची माती घमेल्यात कालवतो, आणि मातीच्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांवरून घट्टपणा कळतो, त्या तिथेच संपतात. ५ सेंमी व्यासाची, ५ सेंमी उंचीची लोखंडी कडी (आकारमान साधारण ९८ घन सेंमी) सरळ ठोकून बसवा, सगळ्या बाजूंनी माती कोरून ती अलगद उचला, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा. ढेकूळ निसटलं तर नमुना फेकून द्या, बोटाने दाबून भरू नका! मग ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवून मातीचं वजन करा आणि आकारमानाने भागा. १३७ ग्रॅम भरलं तर घनता १.४ ग्रॅम प्रति घन सेंमी, चिकण मातीत एवढ्यावर मुळांना त्रास सुरू होतो.

जागा निवडताना सरासरीच्या मागे लागू नका. हे वेगवेगळे ठेवा:
- ट्रॅक्टरच्या चाकोरीतले
- पिकाच्या ओळीतले
- बांधाकडेचे, जिथे चाक कधीच गेलं नाही (तुलनेसाठी)

प्रत्येक ठिकाणी ०-१५, १५-३० आणि ३०-४५ सेंमी अशा तीन थरांतून घ्या, कारण नांगराच्या तळाखालचा कडक थर वरून दिसत नाही.

एक अट मात्र आहे: काळी माती ओलाव्याने फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे सगळे नमुने एकाच वाफशावर, म्हणजे सारख्याच ओलाव्यावर घ्या, नाहीतर आकडे ओलाव्याचा फरक दाखवतील, घट्टपणाचा नाही.