पुण्यात गोल्फ शिकायचंय, प्रोकडे क्लास लावावा की यूट्यूबवर भागेल?

तुम्ही लिहिलंय की वय ४२ आहे, आजवर फक्त क्रिकेट खेळलात आणि ऑफिसातले लोक आग्रह करतात म्हणून गोल्फचा सेट घ्यायच्या विचारात आहात. माझं स्पष्ट मत: सेट राहू द्या, आधी प्रोकडे, म्हणजे व्यावसायिक गोल्फ शिक्षकाकडे जा. मी येरवड्याला, पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर, म्हणजे मैदानावर शिकलो आणि अजूनही अधूनमधून प्रोला स्विंग (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवायची पद्धत) दाखवून येतो.

यूट्यूबवर माहिती उत्तम मिळते, पण तुमचा स्विंग यूट्यूबला दिसत नाही, आणि खरं म्हणजे तुम्हालाही दिसत नाही. सगळ्या नवशिक्यांना छळणारा स्लाइस घ्या. बॉल उजवीकडे वळत जातो, म्हणून माणूस साहजिकच डावीकडे मारायला बघतो. त्याने तो आणखी वळतो! कारण बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः फटका बसताना क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) कुठे बघतोय त्यावर ठरतं, आणि किती वळणार हे फेस आणि स्विंगची दिशा यांतल्या फरकावर. डावीकडे ओढलंत की तो फरकच वाढतो. शेजारी उभा असलेला प्रो दोन-चार बॉल बघून दोष ग्रिपमध्ये, म्हणजे क्लब धरण्यात आहे की खांद्यात, ते सांगतो.

बहुतेक वेळा तो ग्रिपमध्येच असतो. माझ्या प्रोने पहिल्या दिवशी बराच वेळ बॉलला हातच लावू दिला नाही. डाव्या हाताच्या तळव्यात धरलेला क्लब त्याने काढून बोटांच्या मुळाशी ठेवला, वरून बघितल्यावर दोन पेरं दिसली पाहिजेत म्हणाला, आणि अंगठा-तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे वळवली. विचित्र वाटतं, हात अवघडतो. पण क्रिकेटवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याला चेंडू खालून उचलायची सवय असते. आयर्नने (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबने) बॉल उचलायचा नसतो. क्लब खाली येत आधी बॉलला आणि मग पुढच्या गवताला लागला पाहिजे. वर न्यायचं काम क्लबचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरपेपणा करतो.

प्रो निवडताना इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचं प्रशिक्षण झालंय का, हे विचारा, संकोच करू नका. पण त्याहून जास्त विश्वास मी स्वतः बघण्यावर ठेवतो. रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागी जाऊन तो दुसऱ्याला कसा शिकवतो ते थोडा वेळ बघा. एका तासात दहा चुका सांगणारा नको. एकच गोष्ट सांगून ती पक्की करून घेणारा हवा.

आणि सुरुवातीपासून चिपिंग-पटिंगचा (होलजवळचे छोटे फटके आणि बॉल होलमध्ये ढकलणं) आग्रह धरा. पार ७२ च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत संपवायच्या कोर्सवर दर होलला पटिंगचे दोन म्हणजे ३६ फटके हिशेबात धरलेले असतात, अर्धा खेळ! तरी रेंजवर बघावं तर सगळे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब घेऊन उभे.

नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात. तुम्हाला सध्या सात नंबरचं आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि पटिंगचा पटर पुरे. डाव्या हाताचा ग्लोव्ह मात्र स्वतःचा घ्या (तुम्ही उजवे आहात असं धरून). दोन क्लासच्या मध्ये एकट्याने सराव झाला नाही तर पैसे वाया जातात, त्यामुळे आठवड्याला दोन क्लास लावण्यापेक्षा एकच लावा आणि एक सकाळ सरावाला ठेवा.

जागा घराजवळची बघा. तुम्ही कोथरूडला राहता, तर बावधनच्या पुढे लवळ्याला ऑक्सफर्डचा कोर्स आहे, दरवेळी येरवड्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये जीव काढू नका. जाण्याआधी फोन करून सदस्य नसलेल्यांना शिकवतात का, रेंजचे बॉल फीमध्ये धरलेत का आणि क्लब वापरायला मिळतील का, एवढं विचारून घ्या. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही.