ढेप वाया जाऊ नये म्हणून

भाऊ, तुझ्या गोठ्यात सकाळी शिरताच डोळे चुरचुरतात ना? तो मुताचा उग्र वास म्हणजे ढेपीचे वाया गेलेले पैसे. शेंगदाण्याची, सोयाबीनची ढेप गाईच्या पहिल्या पोटात झपाट्याने विरघळते. तिथले जंतू तिच्यातल्या प्रथिनांचा अमोनिया करतात. त्यांना पेलवत नाही तो रक्तात जातो, यकृतात युरिया होतो आणि बराचसा मुतातून बाहेर पडतो.

इथे बाभळीच्या शेंगा कामी येतात. त्यातलं टॅनिन, म्हणजे जिभेला आवळल्यासारखं करणारा तुरटपणा, त्या पहिल्या पोटात प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जंतूंना ती सहज फोडता येत नाहीत. पोटाच्या चौथ्या कप्प्यातल्या आम्लात ही पकड सुटते आणि प्रथिनं पुढे आतड्यात पचतात.

पण हात आखडता ठेव. एकूण कोरड्या चाऱ्यात टॅनिन २ ते ४ टक्के ठीक. ५ च्या वर गेलं की गाय तोंड फिरवते, चारा नीट पचत नाही. शेंगा वाळव, भरड, मूठभरापासून सुरू कर, दोन आठवड्यांत वाढव. शेण घट्ट झालं की लगेच कमी कर.

आणि नुसत्या कुटारावरच्या भाकड गाईला हे देऊ नकोस. तिच्या जंतूंनाच अमोनियाची टंचाई असते, तिला आधी हिरवा चारा दे.